फवारणीच्या त्रासाचा सर्व्हे : ज्यांनी फॉर्म भरलाच नाही त्यांचा हिशोब कसा धरायचा?

पांदणरस्ता

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात आम्ही काही जण मिळून फवारणीच्या त्रासाचा सर्व्हे करतो आहोत. २०१७ च्या हंगामात इथे काय झालं ते बहुतेकांना आठवत असेल. कपाशी डोक्याबरोबर वाढली होती, गावोगाव पेट्रोलचे पंप आले होते, आणि जिल्ह्यात वीसहून जास्त कास्तकार आणि मजूर विषबाधेने गेले. शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षीची गणती निदान दवाखान्यात तरी झाली. पण डोळ्यांची आग, चक्कर, मळमळ, अंधारी हा दवाखान्यापर्यंत न पोचणारा त्रास दर हंगामात होतो, आणि तो कुठल्याच रजिस्टरात चढत नाही. तो किती आहे हे आम्हाला ग्रामसभेपुढे आणि कृषी विभागापुढे मांडायचं आहे.

पहिल्या फेरीत गूगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला. शेतकरी गटांचे ग्रुप, गावचे ग्रुप, कृषी केंद्रवाल्यांचे ग्रुप. फॉर्म भरपूर आले. चाळून पाहिले तर भरणारे बहुतेक पुरुष, चाळिशीच्या आतले, स्वतःच्या नावावर सातबारा असलेले. मजूर अगदी थोडे. आणि आपल्याकडे मोठ्या कास्तकाराच्या वावरात पंप कोणाच्या पाठीवर असतो हे वेगळं सांगायला नको.

माझे प्रश्न दोन. आलेली माहिती गणिताने कितपत दुरुस्त करता येते? आणि दुसऱ्या फेरीत हातात मोजकी माणसं आणि मोजकं पेट्रोल असताना काय केलं तर बायस (आकड्याला एकाच दिशेने ओढणारी चूक) सर्वात जास्त कमी होईल?

वर्धाकाठ

चांगलं काम. माझं मत असं की आणखी ग्रुपवर टाका. आकडा जितका मोठा तितकी चूक कमी. पाच-सात हजार फॉर्म झाले की कोणी बोट ठेवणार नाही.

सरासरी

वर्धाकाठ, इथे मी ठामपणे नाही म्हणेन. मी संख्याशास्त्र शिकवतो आणि हा समज दर वर्षी वर्गातही खोडावा लागतो.

चिठ्ठ्या टाकून माणसं निवडली असतील तर संख्या वाढवल्याने चूक कमी होते, हे खरं. पण ज्याला वाटलं त्याने फॉर्म भरला, अशा नमुन्यात संख्या वाढली की चुकीच्या आकड्यावरचा आपला विश्वास तेवढा वाढतो. १९३६ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. पत्ते घेतले टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून. तेवीस लाखांच्या वर उत्तरं परत आली. भाकीत होतं लँडन जिंकतील. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. यात दोन दोष एकत्र होते. यादी खात्यापित्या लोकांची होती, आणि यादीतल्यांपैकी ज्यांनी पत्रिका परत पाठवली ते न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळ्या मताचे होते.

हे जुनं झालं म्हणाल तर २०२१ चं घ्या. अमेरिकेत कोविड लसीबद्दल फेसबुकवरून दर आठवड्याला सुमारे अडीच लाख लोकांची उत्तरं घेतली जात होती. मे महिन्यात त्या सर्व्हेने एक तरी डोस घेतलेल्या प्रौढांचं प्रमाण खऱ्यापेक्षा १७ टक्के बिंदूंनी जास्त दाखवलं. वय आणि स्त्री-पुरुष प्रमाण यांची दुरुस्ती केलेली होती, शिक्षण आणि वंश यांची नव्हती. नंतर हिशोब मांडला गेला तेव्हा दिसलं की एप्रिलमधल्या त्या अडीच लाखांची किंमत रँडम, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या जेमतेम दहा माणसांएवढी होती. हा हिशोब संख्याशास्त्रज्ञ शाओ-ली मेंग यांनी २०१८ साली मांडलेल्या सूत्रावर आधारलेला आहे. त्या सूत्रात चूक तीन गोष्टींच्या गुणाकारातून येते: फॉर्म भरण्याचा आणि उत्तराचा आपसात किती संबंध आहे, लोकसंख्येचा किती भाग बाहेर राहिला, आणि मोजायची गोष्ट माणसागणिक किती बदलते. पहिली गोष्ट अगदी थोडी असली तरी मोठ्या संख्येचा फायदा खाऊन टाकते.

आता तुमच्या फॉर्मकडे. 'फॉर्म भरला' आणि 'त्रास झाला' यांचा संबंध इथे दोन उलट दिशांनी असू शकतो. ज्याला त्रास झाला त्याला विषय जवळचा, म्हणून तो भरेल. त्यामुळे आकडा फुगेल. ज्याच्या अंगावर सर्वात जास्त औषध उडतं त्याच्याकडे स्मार्टफोनच नाही. त्यामुळे आकडा खाली येईल. कोणता ओढा मोठा हे आलेल्या फॉर्मांवरून कळणार नाही.

धानपट्टा

मी भंडाऱ्याकडचा. सरासरी सर, मग २०१२ चं एक्सबॉक्सचं उदाहरण कसं जुळवायचं? व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांना विचारून अमेरिकेच्या निवडणुकीचा अंदाज काढला होता. उत्तर देणाऱ्यांत ९३ टक्के पुरुष, ६५ टक्के १८ ते २९ वयाचे. मतदारांत ते वय फक्त १९ टक्के. इतका वाकडा नमुना असूनही अंदाज प्रत्यक्ष निकालाच्या जवळ आला. म्हणजे गणिताने होतं ना?

सरासरी

होतं, पण तिथे तीन गोष्टी जमून आल्या होत्या. एक, उत्तर देणारे सुमारे साडेतीन लाख होते. त्यामुळे एकूण प्रमाणात कमी असल्या तरी वयस्क बायाही मोजायला मिळाल्या. दोन, वय आणि लिंग याबरोबर पक्ष कोणता, मागच्या वेळी म्हणजे २००८ ला मत कोणाला दिलं, हेही विचारलं होतं; म्हणजे उत्तराशी थेट जोडलेल्या गोष्टी हातात होत्या. तीन, या सगळ्या गोष्टींचं खऱ्या मतदारांतलं प्रमाण २००८ च्या एक्झिट पोलमधून मिळालं. नंतर लहान लहान गट पाडून, ज्या गटात माणसं कमी तिथे सारख्या गटांकडून उसनं बळ घेऊन अंदाज काढला, आणि खऱ्या प्रमाणात जोडला.

पांदणरस्ता यांच्याकडे तिन्हीपैकी आज एकही नाही. पण दुसरी आणि तिसरी मिळवता येते. प्यू या अमेरिकन संस्थेने २०१८ मध्ये ऑनलाइन नमुन्यांवर वेगवेगळ्या पद्धती ताडून पाहिल्या. दुरुस्तीची रीत कोणती यापेक्षा दुरुस्ती कशावर केली याने जास्त फरक पडला. नुसतं वय-लिंग-शिक्षण पुरलं नाही. आणि सर्व काही करूनही थोडा बायस उरलाच.

एक कच्चा हिशोब दाखवतो. आकडे समजुतीसाठी आहेत. समजा गावात फवारणी करणाऱ्या दर १०० माणसांत ६० मजूर आणि ४० स्वतःच्या वावरात फवारणारे. तुमच्या १०० फॉर्मांत १० मजूर, ९० कास्तकार. मजुरांपैकी ५ जणांना त्रास, कास्तकारांपैकी १८ जणांना. सरळ सरासरी काढली तर २३ टक्के. आता मजुराच्या एका फॉर्मला ६ चं वजन द्या (६० भागिले १०) आणि कास्तकाराच्या फॉर्मला ०.४४ चं (४० भागिले ९०). उत्तर येतं ३८ टक्के. केवढा फरक! पण लगेच पुढचं बघा. मजुरांपैकी ५ ऐवजी ४ जण त्रास झालेले असते तर उत्तर ३२ आलं असतं. एका माणसाने सहा टक्के हलले. लेस्ली किश यांच्या सूत्राने बघितलं तर या वजनदार १०० फॉर्मांची ताकद साधारण २६ फॉर्मांएवढीच उरते.

आणि यात आपण एक मोठी गोष्ट मान्य करून चाललो: फॉर्म भरणारे १० मजूर बाकीच्या मजुरांसारखेच आहेत. स्मार्टफोन असलेला, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये असलेला, मराठी फॉर्म वाचून भरणारा मजूर. तो बाकीच्यांसारखा आहे का? वजन देऊन मजुरांची संख्या बरोबर होते, त्यांच्यातला हा फरक जात नाही.

झरीची_ताई

मी आशा म्हणून काम करते, झरी-जामणी भागात. सरांचं गणित मले सगळं समजलं नाही पण शेवटची गोष्ट समजली, अन् ती खरी हाय.

आमच्या इकडे पोडावरचे, म्हणजे आदिवासी वस्तीवरचे, कोलाम लोक फवारणीले जातात. मजुरी पंपाच्या हिशोबानं भेटते, म्हणून जितके जास्त पंप मारन तितके पैसे. मधात थांबून हात कोण धुते? दिवसभर पंप मारून घरी येते, आंघोळ करते, उलटी झाली तर ऊन लागलं म्हणते. तुमच्या फॉर्मात 'विषबाधा झाली का' असं इचारलं असन तर तो नाही म्हणन, अन् त्याच्या मनानं तो खरंच सांगते. त्याले असं इचारा, की फवारून आल्यावर रात्री डोयाले आग झाली होती का, हात थरथरले का, जेवण गेलं का.

दुसरं, बायाइचं कोणीच इचारत नाही. पंप बाया मारत नाहीत, पण पाणी भरून देणं, औषध कालवणं बायाच करतात. अन् आज फवारलेल्या वावरात उद्या निंदाले बायाच जातात. त्याइले कोणत्या खात्यात धरणार?

तिसरं, मालकासमोर इचारू नका. पुढच्या वर्षी काम भेटलं पायजे ना त्याले.

पांदणरस्ता

ताई, फार मोलाचं सांगितलं. फॉर्ममध्ये 'विषबाधा' असाच शब्द आहे. दुसऱ्या फेरीत लक्षणं एकेक करून विचारू. आणि बाया बाहेर राहिल्या कारण आम्ही 'फवारणी करणारे' एवढेच धरले होते. आता 'फवारणीत किंवा फवारलेल्या वावरात काम करणारे' असं धरू आणि दोन्ही गट वेगळे मोजू.

सरासरी

ताईंनी जे मांडलं ते आमच्या पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत येतं: कोणाला मोजायचं ते ठरवणं, प्रश्नाची भाषा, विचारताना कोण समोर आहे. तिन्ही ठिकाणचा बायस वजनाने जात नाही, हे मला इथे अधोरेखित करायचं आहे.

कापणीप्रयोग

कृषी खात्यातून निवृत्त आहे. पीक कापणी प्रयोगात, म्हणजे वावरातला ठरावीक तुकडा कापून उत्पन्न मोजण्यात, आयुष्य गेलं, म्हणून दोन शब्द.

कापणी प्रयोगात गट नंबर रँडम आकड्यांच्या तक्त्यावरून निघतो आणि वावरात प्लॉट कुठे टाकायचा तो कोपराही आकड्यांवरूनच पावलं मोजून ठरतो. बहुतेक पिकांना १० मीटर बाय ५ मीटरचा तुकडा. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात नंबर निघतो तो नाल्याच्या पलीकडचा, पांदणीत गुडघाभर चिखल, आणि अलीकडे रस्त्याला लागून छान वावर उभं असतं. त्या क्षणी जो माणूस रस्त्याकडचं वावर घेतो तो सगळा तालुका बिघडवतो. रस्त्याकडचं वावर बहुधा चांगल्या जमिनीचं, खत-पाणी वेळेवर पोचणारं असतं. तो फरक एका कास्तकाराचा नसतो, सगळ्या आकड्याला एकाच दिशेने ओढतो.

आपले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिलं की कापणीचा प्लॉट फार लहान घेतला तर उत्पन्न जास्त दिसतं, कारण दोरीच्या काठावरची झाडं माणूस नकळत आत धरतो. माणूस प्रामाणिक असतो, तरी धरतो. म्हणून निवड माणसाच्या मर्जीवर सोडायची नसते.

तुमच्या दुसऱ्या फेरीत हाच धोका आहे. गावात गेलात की मारुतीच्या पारावर भेटेल त्याला विचाराल. लसीकरणाच्या सर्व्हेत गावाच्या मध्यभागी बाटली फिरवून दिशा ठरवायची आणि तिकडे घरोघर जायची पद्धत होती. तिच्यात मधल्या घरांना जास्त संधी मिळते आणि गावठाणाच्या बाहेरच्या तांडा, पोड, बेडा अशा वस्त्या सुटतात. फवारणीचे मजूर तिथेच राहतात.

वर्धाकाठ

मुद्दा पटला. पण मजुरांची यादीच नाही तर रँडम निवडणार कशातून? ८-अ वर तर जमीनवाल्यांचीच नावं. ज्याच्या नावावर जमीन नाही तो तलाठ्याच्या कागदात नाहीच.

सरासरी

बरोबर, आणि म्हणूनच एका यादीवर राहायचं नाही. मला जे सुचतं ते असं.

प्रमाण कळायला २०११ च्या जनगणनेच्या गावनिहाय तक्त्यात शेतकरी किती आणि शेतमजूर किती हे स्त्री-पुरुष वेगळं दिलेलं आहे. जुनं आहे, २०२१ ची जनगणना झालीच नाही, तरी सुरुवातीला आधार म्हणून चालेल. जमिनीचे गट ८-अ वरून. मजुरांसाठी रोजगार हमीच्या जॉबकार्डांची गावनिहाय यादी संकेतस्थळावर बघता येते. आणि मतदार यादी घरांच्या क्रमाने असते, तिच्यातून दर ठरावीक अंतराने घर निवडता येतं. पहिलं घर चिठ्ठीने काढायचं. निवडलेलं घर बंद असेल तर पुन्हा जायचं. शेजारचं घर घ्यायचं नाही, कारण जे घर दिवसा बंद तेच मजुराचं.

ज्यांची कुठलीच यादी नाही, म्हणजे बाहेरगावाहून हंगामापुरते आलेले, त्यांच्यासाठी ठिकाण आणि वेळ यांची यादी करायची. सकाळी मजूर कुठे गोळा होतात? फाट्यावर, बसस्टँडवर, पिकअप थांबते तिथे. अशा जागा आणि वार लिहा, त्यातून चिठ्ठ्या टाका, आणि त्या वेळी तिथे येणाऱ्या दर तिसऱ्या-चौथ्या माणसाला विचारा. हंगामात असा किती वेळा इथे येता हेही विचारा, कारण जो रोज येतो तो सापडण्याची शक्यता जास्त, त्याचं वजन कमी करावं लागतं.

आणखी एक रीत आहे, एकाने दुसऱ्याला आणायची. डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९७ साली मांडली. प्रत्येकाला मोजक्या चिठ्ठ्या द्यायच्या, त्याने ओळखीच्या फवारणीवाल्यांना द्यायच्या, आणि तो स्वतः किती फवारणीवाल्यांना ओळखतो ते नोंदवायचं. ज्याची ओळख जास्त त्याचं वजन कमी. मात्र कोलाम कोलामालाच आणि बंजारा बंजाऱ्यालाच आणेल अशी शक्यता असते, म्हणून सुरुवात प्रत्येक वस्तीतून वेगळी करायची.

माझा आग्रह हा की मोजक्या घरांचा पण कडक रँडम सर्व्हे करा, अगदी थोड्या गावांत का होईना, आणि त्यात तेच प्रश्न विचारा जे गूगल फॉर्ममध्ये होते. जास्तीचे दोन-तीन प्रश्नही घाला: स्मार्टफोन कोणाकडे आहे, पंप कोणता, मजुरी रोजाने की पंपावर. मग मोठ्या फॉर्मच्या ढिगाला या लहान सर्व्हेच्या मापाने वजन देता येतं. पेट्रोलचे पैसे कमी असतील तर नवीन फॉर्म फिरवणं थांबवा आणि सगळी ताकद इथे लावा.

धानपट्टा

सर, वजन अनेक गोष्टींवर एकदम कसं द्यायचं? जमीन, वस्ती, वय, लिंग सगळ्यांचे कप्पे पाडले तर कित्येक कप्पे रिकामे राहतील.

सरासरी

एकदम कप्पे पाडू नका. आधी मजूर-कास्तकार प्रमाण जुळवा, मग वस्तीचं जुळवा, त्याने पहिलं थोडं बिघडतं, म्हणून परत पहिलं जुळवा, असं फिरत राहा, आकडे हलायचे थांबेपर्यंत. डेमिंग आणि स्टीफन यांची १९४० ची रीत. एक्सेलमध्येही होते. फार मोठं वजन आलं तर त्याला मर्यादा घाला आणि मर्यादा किती घातली ते लिहा.

तपासणीही करा. जी गोष्ट आधीच माहीत आहे ती वजन देण्यात न वापरता मोजून बघा. उदाहरणार्थ पीएम-किसानच्या लाभार्थ्यांची गावनिहाय यादी उपलब्ध असते. तुमच्या वजनदार नमुन्यातून लाभार्थी कुटुंबांचं प्रमाण काढा आणि खऱ्याशी ताडा. तिथेच दहा-पंधरा टक्क्यांनी चुकत असाल तर त्रासाचा आकडा मांडण्याआधी थांबा.

कापणीप्रयोग

एक भर घालतो. कापसाच्या बाजारात खरेदीदार बंडीतला वरचा कापूस बघून भाव लावत नाही, हात खोल घालून खालचा काढतो, कारण ओलावा खाली असतो. तुमच्या माणसांना सांगून ठेवा, की जो सहज भेटला त्याच्या फॉर्मपेक्षा तीन चकरा मारून भेटला त्याचा फॉर्म महत्त्वाचा. आणि कितव्या चकरेत भेटला ते फॉर्मवर लिहा. पहिल्या चकरेतले आणि तिसऱ्या चकरेतले यांच्या उत्तरांत फरक दिसला तर जे कधीच भेटले नाहीत त्यांच्याबद्दल थोडा अंदाज येतो.

वर्धाकाठ

एवढं करूनही कृषी विभाग म्हणेल की तुमचा नमुना रँडम नाही, आकडा मान्य नाही. मग?

सरासरी

म्हणू शकतात, आणि तो आक्षेप खरा आहे. म्हणून एकच आकडा घेऊन जाऊ नका. चार द्या. आलेल्या फॉर्मांचा सरळ आकडा, वजन दिल्यानंतरचा आकडा, आणि टोकाचे दोन: न भेटलेल्यांपैकी कोणालाच त्रास नाही असं धरलं तर किती, आणि सगळ्यांना आहे असं धरलं तर किती. ती पट्टी रुंद येईल. येऊ द्या. तिचं खालचं टोक जरी चिंता करण्यासारखं निघालं तरी तुमचं म्हणणं उभं राहतं, कारण ते कुठल्याही गृहीतकावर टेकलेलं नाही. 'चूक अधिक-उणे तीन टक्के' असलं वाक्य मात्र गूगल फॉर्मच्या आकड्यापुढे लिहू नका. ते वाक्य रँडम नमुन्याचं आहे.

फॉर्म कोणत्या ग्रुपवर गेला, कोणी पाठवला, मजूर किती, बाया किती, कोणत्या वस्त्या सुटल्या, हे पहिल्याच पानावर लिहा. कृषी केंद्राच्या ग्रुपवरून आलेले फॉर्म वेगळे दाखवा. दुकानदाराच्या गिऱ्हाइकाने औषधाबद्दल काय लिहावं यावर त्याचा परिणाम होऊ शकतो.

पांदणरस्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं ते लिहितो. नवीन फॉर्म फिरवणं आजपासून बंद. काही गावं चिठ्ठीने काढू, प्रत्येक गावात तांडा, पोड आणि बेडा वेगळा धरून घरं निवडू. विचारायला मालकांच्या गटातले लोक पाठवणार नाही. काळ 'मागच्या पोळ्यापासून दिवाळीपर्यंत' असाच विचारू, तारखा कोणाच्या लक्षात राहत नाहीत. जुने फॉर्म ठेवतो, पण वजन दिल्याशिवाय त्यातला एकही टक्का बाहेर देणार नाही. तक्ता तयार झाला की इथेच टाकतो, सरासरी सरांनी आणि धानपट्टा यांनी वजनं तपासून द्यावीत ही विनंती.

झरीची_ताई, तुमच्याकडची गावं चिठ्ठीत आली तर सोबत याल का?

झरीची_ताई

येईन ना. फक्त सकाळी सातच्या आत नाहीतर दिवस बुडाल्यावर या, मधात पोडावर म्हातारे अन् लेकरंच भेटतात. बाजाराच्या दिवशी तर येऊच नका. अन् कोलामी बोलणारा एक जण सोबत ठेवा, मी दोघा-तिघांले इचारून ठेवते.